माशीच्या पंखाला चौदा डबे तेल

मागणीपत्र मी माझ्याच हाताने लिहिलं होतं. "सरकीचं रिफाइंड तेल, पंधरा किलोचे डबे, नग चौदा." पुढे 'कशासाठी' असा रकाना होता. त्यात सरांनी सांगितलं तसंच लिहिलं, "माशीचा पंख हलवण्यासाठी."

स्टोअरच्या जगन्नाथभाऊंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचला.

"कोनं लगीन शे, मावशी?"

"लगीन नही, भाऊ. माशीना पंख हालाडना शे."

"एक माशीले चौदा डबा?"

"आखी माशी नही," मी म्हटलं. "एकच पंख."

त्यांनी सही दिली, पण त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायचे. आजारी माणसाशी बोलतात तसं.

मी नंदुरबारच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परिचर म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला नीट कळत नाही. प्राध्यापक शिकवतात, मुलं शिकतात, आणि मधली सगळी कामं परिचर करतो. लंबकाचे गोळे पुसायचे, तारा गुंडाळायच्या, पेटलेली मोटर विझवायची, कुणी भिंग खिशात घालून निघालं तर त्याला दारातून हसत हसत परत बोलवायचं. बरीच वर्षं मी हेच केलं आणि बरं केलं. मग आमच्याकडे चौधरी सर आले आणि माझ्या नोकरीत चिलटं शिरली.

चौधरी सर तापीकाठचे. घरची केळीची शेती. लहानपणी पिकलेल्या घडांवर घोंगावणारी चिलटं बघत बसायचे, असं ते सांगत. बाकीची मुलं चिलटं मारायची. हे मारायला जायचे आणि चिलट हातातून कसं निसटलं याचाच विचार करत राहायचे. विमानाला उडायला धावपट्टी लागते, चिलटाला केळ्याचं साल पुरतं. ते जागच्या जागी उभं राहतं, मागे जातं, आडवं जातं. विमानाच्या पंखाचं साधं गणित चिलटाला लावलं तर त्याला पुरेशी उचलच मिळत नाही. गणिताप्रमाणे ते खाली पडायला हवं. ते काही पडत नाही. का पडत नाही, एवढंच सरांना आमच्या प्रयोगशाळेत दाखवायचं होतं.

आता हा धंदा थोडक्यात सांगते, कारण पुढची फजिती त्याशिवाय कळायची नाही.

चिलट सेकंदाला दोनशे वेळा पंख मारतं, आणि तो पंख तिळाएवढा. त्याच्याभोवती हवा कशी वळते हे कोण बघणार? पण एक युक्ती आहे. एवढ्याशा जिवाला हवा आपल्यासारखी पातळ वाटत नाही. तुम्ही-आम्ही साखरेच्या पाकात पोहायला उतरलो तर जसं वाटेल, तसं त्याला हवेत वाटतं. म्हणून पंख वीतभर मोठा करायचा, तो सावकाश हलवायचा आणि हवेच्या जागी घट्ट तेल घ्यायचं. मापं बरोबर जुळवली की चिलटाच्या पंखाभोवती हवा जशी वळते, तसंच आपल्या पंखाभोवती तेल वळतं. हवेची नक्कल तेल करतं.

आणि बघायचं काय? तर भोवरा. पंख तिरपा धरून पुढे रेटला की त्याच्या पुढच्या कडेवरून हवा गर्रकन गोल फिरते आणि पंखाच्या पाठीवर एक आडवा भोवरा बसतो. तो पंखाला वर ओढतो. विमानाच्या पंखावर असा भोवरा टिकत नाही, सुटून जातो. चिलट त्याला पाठीवर बसवून घेऊन फिरतं. सरांना तो डोळ्यांनी दिसायला हवा होता.

मासे ठेवायच्या काचपेट्या करणाऱ्याकडून दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी करून घेतली. मोटर, चाकं, दांडे वगैरे सगळं मनीषाने जुळवलं. मनीषा गावित ही सरांची संशोधक विद्यार्थिनी, चिंचपाड्याहून रोज गाडीने यायची. अतिशय कमी बोलणारी पोरगी. माणसांशी कमी, पण मोटरशी बोलायची. मोटर अडली की तिच्याकडे वाकून घरच्या कोकणी बोलीत (गोव्याची नव्हे, आमच्याकडच्या आदिवासींची) काहीतरी समजूत घालायची, आणि मोटर बहुतेक वेळा ऐकायची.

पंखासाठी पातळ पण ताठ असं काहीतरी हवं होतं. मी घरून ह्यांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे आणला. फिल्म अगदी हवी तशी निघाली. मनीषाने तिचा पंख कापला, कडेला तार लावली. गुडघ्याची वाटी नेमकी पंखाच्या मध्यावर आली. तेव्हापासून त्या पंखाचं नाव 'गुडघा' पडलं. "मावशी, गुडघा सुरू करते हं," असं ती म्हणायची आणि तेलात तो शांतपणे पुढे-मागे व्हायचा. घरी ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "माझा तरी कुठे इतका वाकतो?"

माझं काम तेल स्वच्छ ठेवायचं. उघड्या तेलात काय काय पडतं, विचारू नका. धूळ, केस, आणि सगळ्यात जास्त चिलटं. चिलटाच्या अभ्यासासाठी ठेवलेल्या तेलातून मेलेली चिलटं चहाच्या गाळणीने काढणं, हे काम मी एकटी बाई करत असेन. सरांना त्याचं वाईट वाटायचं. ते म्हणायचे, "मावशी, हळू काढा." आता मेलेल्याला काय हळू नि काय जोरात.

टाकी बघायला लोक यायला लागले. पहिला आला आमच्या कँटीनचा भिकाभाऊ. त्याने टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तेलाचा वास घेतला आणि मला बाजूला नेऊन म्हणाला, "मावशी, मी काय म्हनस, पंख हाली ग्या का मंग हाई तेल माले द्या. एक दिनमा बठ्ठं भजासमा संपाडी टाकसू." मी म्हटलं, त्यात मोटरचं ग्रीस आहे. तो म्हणाला, "थोडंसं चालस." त्या दिवसापासून मी त्याच्याकडची भजी खाणं सोडलं.

दुसरे आले नवापूरचे एक पोल्ट्रीवाले शेठ. कॉलेजात पंखांवर संशोधन चालू आहे आणि करणारे स्वतः डॉक्टर आहेत, एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. आले ते टोपलीत कोंबडी घेऊन.

"साहेब, तुम्ही पंखाचे डॉक्टर ने?"

सर म्हणाले, "हो, म्हणजे तसा मी..."

"आ जरा बघा ने. एक पंख नीचे पडतो."

सरांचा स्वभाव असा की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. त्यांनी फूटपट्टी घेतली, पंख मापला, दोन्ही बाजूंची मापं वहीत लिहिली. मनीषाने कोंबडी धरली होती. एका क्षणी ती सुटली, दोन टेबलं ओलांडून गेली आणि कॉम्प्युटरच्या उबदार डब्यावर जाऊन बसली. बसली ती उठेना. शेठ म्हणाले, "रहने दो, टाइम है उसका." आम्ही तिघं आणि शेठ वाट बघत उभे. बऱ्याच वेळाने तिने अंडं घातलं आणि दोन्ही पंख झकास फडफडवत खाली उतरली. शेठ सरांच्या पाया पडायला निघाले. "डॉक्टरसाहेब, हात लागताच बरी झाली!" ते अंडं शेठ फी म्हणून ठेवून गेले. सरांनी त्याचं काय केलं मला माहीत नाही, पण फूटपट्टीची मापं अजून त्या वहीत आहेत.

हसण्यावारी चाललेलं हे सगळं एका दिवशी गळ्याशी आलं, आणि त्याला कारण मी.

समिती यायची होती. बाहेरून तिघं येणार, काम बघणार आणि पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार. 'नाही' म्हणाले तर आमची खोली जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला द्यायचं ठरलेलं होतं. शिपाई येऊन दारं-खिडक्या मोजूनही गेला होता. मनीषाची तीन वर्षं त्या खोलीत गेली होती. आणि भोवरा अजून कुणाच्या नजरेला पडला नव्हता. भोवरा असतो, पण तेलही पारदर्शक आणि भोवराही तेलाचाच, मग दिसणार कसा? त्यासाठी तेलात बारीक चमकणारे कण सोडायचे, लेझरचा हिरवा उजेड पातळ पत्र्यासारखा आडवा टाकायचा, आणि कण फिरतील तसा भोवरा दिसतो. लेझर होता. कण महागडे, चांदीचा मुलामा दिलेले काचेचे मणी, पिठाएवढे बारीक. ते बाहेरून मागवले होते आणि समितीच्या आदल्या दिवशी दुपारी कसेबसे आले. मनीषाने ते वजन करायला स्टीलच्या एका छोट्या डबीत काढून टेबलावर ठेवले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले. पाहुणे येणार म्हणून विभागाच्या दारात रांगोळी काढायचं ठरवलं होतं. सरांच्या घरून चमकी येणार होती. टेबलावर स्टीलची डबी होती, आत चमकी होती. आता तुम्हीच सांगा.

रांगोळी मी मोर-कमळाची नाही काढली. म्हटलं, विषयाला धरून असावं. दाराएवढं मोठं चिलट काढलं. सहा पाय, लाल डोळे, आणि दोन पंख. पंखांत ती सगळी चमकी भरली. उन्हं तिरपी आली तसे ते पंख असे झळाळले की जाणारी-येणारी पोरं थांबून फोटो काढायला लागली. असं चिलट नंदुरबारात आजवर कुणी काढलं नसेल, अशी माझी खात्री होती, आणि ती आजही आहे.

मनीषा आली. दारात थांबली. फारसं न बोलणारी पोरगी चक्क म्हणाली, "मावशी, किती सुंदर! चमकी कुठून आणली?"

"तुझ्या टेबलावरच्या डबीतली," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग चिलटाकडे बघितलं. मग तिथेच पायरीवर बसली.

तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने एक शब्द काढला नाही. ते मला अजून लागतं.

सर धावत आले. आम्ही तिघांनी गुडघ्यांवर बसून कागदाच्या तुकड्यांनी ते पंख गोळा करायला सुरुवात केली. पण मण्यांत रांगोळीची भुकटी मिसळली होती आणि पोरांच्या बुटांनी निम्मं चिलट कॉलेजभर नेलं होतं. जे हाती लागलं ते तेलात टाकलं, तर खडे टाकल्यासारखं सरळ तळाशी गेलं. भिकाभाऊ दारात उभा होता, तो म्हणाला, "बेसन देऊ का?" सर त्याच्यावर ओरडले. सर ओरडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

समिती साडेबाराला येणार होती. दहा वाजून गेले होते. मला काही सुचत नव्हतं. मी पिशवीतून रुमाल काढायला हात घातला आणि हाताला पाकिटं लागली. समितीच्या तिघांना भेट म्हणून अर्धा-अर्धा किलो मिरची पूड आणली होती. आमच्याकडे पाहुण्याला दुसरं काय देणार? रनाळ्याला माझी थोरली बहीण असते, निर्मलाक्का. तिच्या घरची मिरची, तिनेच निवडलेली, तिनेच कांडून-चाळून दिलेली. बारीक, हलकी, बोटावर घेतली तर उडून जाणारी.

"सर," मी म्हटलं, "कण बारीकच हवेत ना? चांदीचेच हवेत असं काही आहे का?"

सर आणि मनीषा एकमेकांकडे बघत राहिले. मग मनीषा म्हणाली, "टाकून बघू या."

पाकीट फोडलं तेव्हा पंखा चालू होता, म्हणजे छताचा. पुढची पाच मिनिटं कुणी काही बोलू शकलं नाही. सर तर सतरा वेळा शिंकले. मनीषाने मोजलं, तिला मोजायची सवयच आहे. पंखा बंद करून मी चिमूटभर पूड तेलात सोडली. गुडघा सुरू केला. हिरव्या उजेडात चार कण चमकले. चारच. "अजून थोडी," सर म्हणाले. मी मूठभर टाकली. "अजून." मग माझा हात स्वयंपाकघरातला हात झाला. अंदाजाने घालणारी बाई मी, मोजून कधी घातलं नाही. पाकीट संपलं.

पाऊण तास गुडघा ढवळत राहिला, आणि आमच्या डोळ्यांदेखत टाकी लाल झाली. मिरचीने तेलात रंग सोडला होता. कुठल्याही गृहिणीला हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण प्रयोगशाळेत शिरलं की माणूस घरात शिकलेलं विसरतो. हिरवा लेझर टाकीत शिरायचा आणि दोन बोटांवर मरून जायचा. लाल तेल हिरवा उजेड पिऊन टाकत होतं. आत काळोख. चौदा डबे तर्री तयार झाली होती आणि भोवऱ्याचा पत्ता नव्हता.

सर खुर्चीत बसले. मनीषा खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला त्यांच्यासमोर थांबवेना. मी टाकीच्या मागे, भिंतीकडे, एका स्टुलावर जाऊन बसले आणि पदराने डोळे पुसले. पदराला मिरची होती, त्यामुळे रडायला वेगळे प्रयत्न करावे लागले नाहीत.

तिथे बसून मी टाकीतून पलीकडे बघत होते. सगळं लालभडक आणि अंधुक. आणि त्या लालीत एक ठिपका स्पष्ट दिसत होता. पलीकडच्या टेबलावरच्या बोर्डाचा छोटा लाल दिवा. शेजारीच चार्जरचा हिरवा दिवा होता, तो दिसतच नव्हता. मी उठून वरून पाहिलं. दोन्ही दिवे चालू होते. पुन्हा बसून पाहिलं. लाल दिसतो, हिरवा नाही.

"मनीषा," मी म्हटलं, "इकडे ये जरा. हा लाल दिवा बरा आरपार येतोय."

ती आली. वाकली. स्टुलावर माझ्या शेजारी दाटीवाटीने बसली आणि बघितलं. मग ती एवढ्या जोरात ओरडली की सर खुर्चीतून उठले. "सर! लाल उजेड! लाल तेलातून लाल जाईल!"

सर खिसे चाचपायला लागले. वर्गात फळ्यावर ठिपका पाडायला ते एक लाल लेझरचं पेन ठेवायचे, साधं, किल्लीच्या जुडग्याला लावतात तसलं. ते निघालं. पण त्याचा ठिपका पडतो, पत्रा नाही. इथे मात्र मी कामाला आले. काचेची कांडी उजेडासमोर आडवी धरली की ठिपक्याची रेघ होते, हे मी मुलांच्या प्रयोगात शंभरदा पाहिलं होतं. कपाटातून कांडी काढली, चिकटपट्टीने पेनासमोर बसवली. खोली अंधारी केली. मनीषाने मोटरच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गुडघा सुरू केला.

पंख पुढे आला. त्याच्या पुढच्या कडेमागे मिरचीचे कण उसळले, वळले, आणि एक छोटासा, नीट, गोल भोवरा पंखाच्या पाठीवर येऊन बसला. पंख गेला तिकडे तो गेला. सुटला नाही. लाल अंधारात ठिणग्यांची चकती फिरावी तसा.

सर हळूच म्हणाले, "हाच तो." तीन वर्षं ज्याच्यामागे होतो, तो माझ्या बहिणीच्या मिरचीत सापडला.

एवढ्यात गुडघा अडकला. तारेचं टोक दांड्यात गुंतलं होतं. आणि विश्रामगृहातून फोन आला की समिती निघाली. सरांनी मागचापुढचा विचार न करता बाही वर सारली, हात कोपरापर्यंत तेलात घातला आणि तार सोडवली. सुटली. मग आनंदाच्या भरात त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला आणि डोळे चोळले.

समिती आत आली तेव्हा चौधरी सर दारात उभे होते, हात जोडलेले, आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागलेल्या.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, पांढरे केस, बारीक काठाची साडी, बोलणं तुटक. त्यांच्या विषयात त्यांचा मोठा दरारा असल्याचं सरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी सरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "इतकं भावनिक होऊ नका. आधी काम दाखवा."

काम दाखवलं. त्या टाकीसमोर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. बाकीचे दोघे मागून डोकावत होते, पण बाई हटेनात. मग सरळ झाल्या.

"कण कोणते?"

सर हुंदका दाबत म्हणाले, "सेंद्रिय, मॅडम. तांबडे. स्थानिक."

"मिरची आहे, मॅडम," मनीषा म्हणाली.

मी मनात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणून ठेवायला सुरुवातसुद्धा केली.

"बियांसकट दळलेली?" बाईंनी विचारलं.

सरांना माहीत नव्हतं. मनीषालाही नव्हतं. मी कोपऱ्यातून म्हटलं, "बिया काढून. दोनदा चाळलेली आहे."

बाई माझ्याकडे वळल्या. "चाळणी कोणती?"

"मैद्याची."

त्यांनी वहीत लिहिलं. खरंच लिहिलं. मग पुन्हा वाकल्या. "आणि पंखावर ही मध्ये रचना दिसते ती कसली? शिरांची नक्कल केली आहे का?"

"नाही मॅडम, ती गुडघ्याची वाटी आहे."

"कोणाची?"

"आमच्या ह्यांची."

"आता बरा आहे का?"

"जिना चढताना दुखतो," मी म्हटलं. ते मात्र त्यांनी लिहिलं नाही. पण त्या हसल्या, आणि मग सगळेच हसले. सर हसत रडत होते की रडत हसत होते, ते कळायला मार्ग नव्हता.

निघताना मी बाकीच्या दोघांना मिरचीची पाकिटं दिली आणि बाईंपुढे नुसतेच हात जोडले. "तुमचं पाकीट टाकीत गेलं, मॅडम." त्या म्हणाल्या, "ते मी पाहून घेतलं."

खोली राहिली. त्याच लाल तेलात मनीषाने पुढची मोजमापं केली, कारण पुन्हा चौदा डबे मागायला जगन्नाथभाऊंसमोर जायची माझी छाती नव्हती. तेलाला पुढे पुढे वास यायला लागला, पण भोवरा वासाने बिघडत नाही. मनीषा आता दुसऱ्या गावी शिकवते. तिच्याकडे नवी टाकी आहे, चांदीचे मणी आहेत. मणी कुलपात ठेवते, असं तिने मला फोनवर सांगितलं. टोमणा नव्हता तो; ती तशी नाहीच. पण मला समजलं.

सर आणि तिने मिळून या कामावर शोधनिबंध लिहिला तेव्हा दोघांचं भांडण झालं. सरांना 'सेंद्रिय तांबडे कण' लिहायचं होतं. मनीषा म्हणाली, "मिरची होती, तर मिरची लिहू." शेवटी मिरचीचं शास्त्रीय नाव घातलं. अशा निबंधात वस्तू कुणाकडून घेतली तेही द्यावं लागतं. त्यामुळे तिथे छापून आलं: निर्मलाबाई, रनाळे.

छापण्याआधी एक तपासनीस निबंध वाचतो. तो कोण, कुठला, हे आपल्याला सांगत नाहीत. त्याने दोन पानं भरून चुका काढल्या होत्या. पहिलीच अशी की, कणांचा आकार एकसारखा नाही, काही कण अपेक्षेपेक्षा जाड दिसतात. सरांना ते फार लागलं.

निबंध छापून आल्यावर मी एक प्रत घेऊन रनाळ्याला गेले. निर्मलाक्का मिरचीच्या ढिगाशी बसून देठ खुडत होती. मी तिला पान उघडून दिलं. त्यात भोवऱ्याचा मोठा फोटो होता, पंख आणि त्याच्या पाठीवर कणांची ती गोल चकती. खाली तिचं नाव बोटाने दाखवलं. म्हटलं, आक्का, हे आता जगभर लोक वाचणार.

तिने हात पदराला पुसले. पान उन्हाकडे धरलं. नावाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. फोटोकडे मात्र इतका वेळ पाहत राहिली की मला वाटलं, बिचारी भारावली.

"जाडी पडनी वं, सुशीला," ती म्हणाली. "मी तव्हळच सांगेल व्हतं, या वरीसले पूड जाडी पडनी. आते बठ्ठा जगले दिखनं."

मी तिची खूप समजूत घातली. ऐकेचना. चारचौघांत आपली पूड जाड दिसली, हे तिच्या मनाला असं लागलं की जेवायलाही नीट बसली नाही.

पुढच्या हंगामात तिने कॉलेजच्या पत्त्यावर एक पाकीट पाठवलं. पूड मलमलच्या कापडातून गाळलेली, धुरासारखी बारीक. वर तिने सुनेकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: "फक्त माशीसाठी. घरात वापरू नये."